निबंध लिहा, दयेचा अर्ज नको!



आपल्या घरातील मुलगी अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मागते, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर तिला काही निबंधही लिहून द्यावे लागतात. त्यांपैकी एकाचा प्रश्न साधारण असा असतो की, तू कोणत्या समाजातून व अनुभवातून आलीस आणि तुझ्या येण्याने आमच्यात कोणती भर पडेल? यास तिकडे विविधतेचा निबंध म्हणतात. शब्द विद्यापीठागणिक बदलतात; रोख हाच.

या प्रश्नाचे निमित्त करून आपल्या घरांत दोन प्रकारचे सल्लागार शिरले आहेत. पहिला म्हणतो, जातीचा उल्लेख टाळा, नुसते ‘बौद्ध’ लिहा व ध्यानधारणेवर चार वाक्ये घाला. दुसरा म्हणतो, गळा काढा. जितके अश्रू अधिक तितकी जागा पक्की. (पैसे मात्र दोघेही आगाऊ घेतात.) पहिला लपवणे शिकवतो, दुसरा लाचारी, आणि दुसरा अधिक घातक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी दारोदार भाकरी मागणे सोडले, ते नातीने तीच भाकरी इंग्रजीत मागावी म्हणून काय?

कायदाही अश्रू मागत नाही. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत, प्रवेश देताना वंशाला वंश म्हणून वजन देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. परंतु सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालपत्रात म्हटले की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने सांगितल्यास विद्यापीठाने ते विचारात घेण्यास मनाई नाही. मात्र त्याचा संबंध त्या उमेदवाराच्या धैर्याशी, निर्धाराशी वा कर्तृत्वाशी असला पाहिजे. निकाल वंशाविषयी आहे, जातीविषयी नव्हे. तथापि त्यातून घ्यावयाचा बोध आपल्यालाही लागू पडतो. नुसते जातीचे नाव लिहून काही पदरात पडणार नाही. त्या जातीशी झुंजताना मुलीने स्वतः काय केले, ते लिहावे लागेल.

जात तिकडे कोणाला कळणार, ही सबबही आता पुरत नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये व कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. त्याच्या कितीतरी आधी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात गाऱ्हाणे नव्हते. जातीची उत्पत्ती व यंत्रणा उलगडून दाखवणारे विवेचन होते.

म्हणून मुलीने अर्धा निबंध बाबासाहेबांच्या चरित्राने भरावा, असे मात्र नव्हे. ते चरित्र थोर आहे, पण प्रवेश तिला हवा आहे. आम्ही वकील प्रतिज्ञापत्र करताना विचारतो, हे तुमच्या स्वतःच्या माहितीतले आहे की ऐकीव? तोच प्रश्न येथे विचारावा. आणि नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनो, या बाबतीत तुमची मुले श्रीमंत आहेत! देव्हारा निघाला त्या दिवशी ती घरात होती. काका रुसून जेवायला आले नाहीत, हे तिने पाहिले आहे. शाळेत कोणी आडनावावरून खोचक विचारले, तेव्हा ती काय बोलली? विहारात रविवारी लहान मुलांना गणित शिकवते, तेथे किती मुले येतात, त्यांतील कोणाला अपूर्णांक समजले? हे लिहावे. नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ परक्या वाचकाला ठाऊक नसते. ती एका वाक्यात सांगून पुन्हा स्वतःकडे वळावे.

आईवडिलांनी मसुदा वाचून तपशिलातील चूक दाखवावी, लेखणी हाती घेऊ नये; सल्लागाराच्या हाती तर मुळीच देऊ नये. बहुतेक अर्जांची मुदत नोव्हेंबर ते जानेवारीत संपते, तेव्हा पहिला मसुदा वर्षावासातच हातावेगळा करावा.