घरची भट्टी स्वस्त पडते?

"घरच्या घरी मातीची भांडी भाजायची? फुकटातलं काम की मग!" परवा एक मित्र म्हणाला. वरवर पाहिलं तर खरंच आहे. जुन्या विटा, वखारीतून आणलेला पोतंभर भुसा आणि झाकायला पत्र्याचा तुकडा. पण फुकट? छे! माझा अनुभव सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

दिवाळीच्या सुट्टीत ताईची लेक आमच्याकडे होती. आम्ही दोघांनी मिळून पाच वाट्या केल्या, आणि तिने एकटीने एक हत्ती. परसात चुना-सिमेंट न लावता विटांचा चौकोन रचला, हवेसाठी बारीक फटी ठेवून. आत भुशाचा थर, त्यावर भांडी, पुन्हा भुसा, असं काठापर्यंत. वरून पेटवायचं, धग धरली की पत्रा ठेवायचा. भुसा रात्रभर वरून खाली धुमसत जातो. हवा कमी पडते, धूर कोंडतो, म्हणून भांडी काळी निघतात. उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची काळी भांडी प्रसिद्ध आहेत. त्यांची भट्टी वेगळी, पण काळेपणा कोंडलेल्या धुराचाच.

आता माझा पराक्रम. वाट्या चार दिवसांत वाळल्या. हत्तीचं पोट मात्र भरीव. वरून पांढरट दिसत होता, पण गालाला लावला तर गार लागे. गार लागणं म्हणजे आत ओल. हे मला ठाऊक होतं! पण रविवारी ती परत जाणार होती. त्यात बारीक भुसा कमी पडला, म्हणून मी वर रंध्याच्या ढलप्या टाकल्या. ढलप्या धुमसत नाहीत, भडकतात. अर्ध्या तासात आतून 'फट्' असा आवाज आला. आतल्या ओलीची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

सकाळी राख उपसली. चार वाट्या टणटणीत. पाचवीला टिचकी मारली तर बद्द. हत्तीचे तुकडे.

ती रडली नाही. "मामा, तो अजून गार होता ना?" एवढंच म्हणाली. म्हणजे तिलाही कळलं होतं. मामा मोठा, म्हणून गप्प बसली होती!

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी माझ्या डोक्यावर थापटणं बसलं असतं, तर आवाज बद्दच आला असता.

म्हणून माझं मत असं, की घरची भट्टी पैसे वाचवते, वेळ नाही. विजेच्या भट्टीत आच हळूहळू वाढवायचं काम यंत्र करतं. इथे तो धीर आपल्याला आणावा लागतो. तो नसेल तर विटा रचूच नयेत. आणि एवढं करून जे हाती येतं, ते शोभेचंच. कमी आचेवर भाजलेल्या, चकाकी न दिलेल्या भांड्यातून पाणी झिरपतं, खाण्यापिण्याला ते नको. शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा, धूर फार होतो. तरीही करून पाहा, असंच मी म्हणेन. घाईची किंमत इतकी लख्ख दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

ताई, वाचते आहेस ना? तिला सांग, नवा हत्ती केलाय. पोट पोकळ, खाली वाफेला भोक. सावलीत वाळतोय. या वेळी भट्टी कधी लावायची ते हत्ती ठरवेल, रविवार नाही.