लसीचा ताप आणि आईबापांचें कर्तव्य

दीड महिन्याच्या लेंकराच्या मांडींत सुई टोचली जाते. रात्रीं तें तापतें, किरकिरतें, मांडीला हात लावूं देत नाहीं. आई रात्रभर जागते आणि सकाळीं तिला कामावर जावेंच लागतें. मग घरांतील वडील माणसें निकाल देतात कीं, "धडधाकट पोराला दुखणें विकत आणलें, आतां पुन्हां सुई नको!" हा निकाल मायेपोटीं दिला जातो हें आम्हांस ठाऊक आहे. पण तो चुकीचा आहे व त्याचें मोल लेंकराला भरावें लागतें, म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस देतात ती पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' कावीळ आणि हिब जंतूचा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून मुलास राखते. तिन्ही टोचण्या झाल्याविना हें राखण पुरें होत नाहीं. पाण्याची एकच पाळी देऊन पीक सोडून देणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं; मग एकाच सुईवर पोर कां सोडावें? शरीर रोगाशीं झगडण्यास शिकतें, त्याची खूण म्हणून ताप येतो व बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. आपल्या आजेपणज्यांनीं देवी काढून घेतल्या, तेव्हां दंड सुजले, तापहि आले. पण १९८० सालीं देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, तें त्याच टोचण्यांचें फळ होय.

तरी मुलाचें दुखणें कमी करणें आपल्या हातीं आहे. टोचतांना मुलास निजवून दाबून धरूं नये. आईनें उराशीं घेऊन अंगावर पाजावें. टोचलेली जागा चोळूं नये; तीवर तेल, हळद, चुना लावूं नये, शेकूं नये. गार पाण्यांत पिळलेलें स्वच्छ फडकें पुरें. ताप आल्यास सैल कपडे घालावे व वारंवार पाजावें. पॅरासिटामोलची मात्रा वजनावर ठरते. थेंबांची बाटली व चमच्यानें देण्याचें औषध यांचें नांव एकच असलें, तरी जोर निराळा असतो. म्हणून किती व केव्हां द्यावें हें नर्सबाईंस विचारूनच द्यावें. ॲस्पिरिन देऊं नये. जाणत्या मुलास "दुखणारच नाहीं" असें खोटें सांगूं नये आणि एरव्हीं सुईचा धाक घालूं नये.

टोचल्यावर अर्धा तास तेथेंच थांबावें. मूल तीन तासांहून अधिक अखंड रडलें, आकडी आली, अंग सैल पडलें, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, ताप दोन दिवसांत उतरला नाहीं किंवा सूज वाढतच गेली, तर अंगारा-धुपारा करीत न बसतां १०८ ची गाडी बोलवावी वा दवाखाना गांठावा, आणि पुढच्या सुईपूर्वी तें आवर्जून सांगावें. साधा ताप आला होता एवढ्यावरून मात्र पुढची सुई चुकवूं नये. चुकलीच, तर राहिली तेथून पुढें घेतां येते.

सुई टोचणारांसहि आमचें सांगणें आहे. कोणती लस दिली, तिनें काय होईल व तेव्हां काय करावें, पुन्हां केव्हां यावें आणि कार्ड जपून आणावें, या चार गोष्टी प्रत्येक आईस सांगावयाच्या असा सरकारी दंडकच आहे. अडाणी बाईला सांगून काय उपयोग, असें म्हणून तिला वाटेस लावणें हा अन्याय आहे. जिला आधीं सांगितलेलें असतें ती रात्रीं ताप पाहून घाबरत नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत आपण होऊन येते.

आणि बापांनो, हें बायकांचें काम म्हणून अंग काढूं नका. बैलाला टोचावयाचें असलें तर तुम्ही स्वतः दावें धरतां. पोराच्या सुईच्या दिवशीं अर्धा रोज बुडाला तरी चालेल. आईसोबत जा, चार गोष्टी विचारून घ्या आणि त्या रात्रीं अर्धें जागरण तुम्ही करा.