मुरलेल्या गेम मास्टरलाच तयार साहस लागतं

रोलप्लेइंगच्या आपल्या वर्तुळात एक न बोललेली उतरंड आहे. नवा गेम मास्टर छापील मॉड्यूल, म्हणजे तयार साहस, चालवतो. थोडा सरावला की त्यात आपलं काही मिसळतो. आणि एकदा मुरला की जग त्याचं, नकाशे त्याचे, खलनायकही त्याचेच. ‘मी मॉड्यूल चालवत नाही’ हे वाक्य आपल्याकडे ऐटीत सांगितलं जातं, आणि ऐकणारेही मान डोलावतात. आमचं मत नेमकं उलट आहे. नवख्याचं तयार साहसावाचून एक वेळ भागेल. वर्षानुवर्षं पडद्याआड बसलेल्याचं भागत नाही.

छापील साहस म्हणजे नवशिक्याची कुबडी, हा समज इतिहासालाही धरून नाही. जानेवारी १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं तेव्हा खोक्यात नियमांच्या तीन पुस्तिका होत्या. भुयाराचा जेमतेम एक नमुना होता, पूर्ण साहस नव्हतं. भुयारं ज्याची त्याने खणावीत अशी अपेक्षा होती. दुसऱ्याने खणलेल्या भुयाराला कुणी पैसे मोजेल, असं विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या टीएसआर कंपनीला वाटत नव्हतं. १९७५ मध्ये ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत आर्नेसनचं ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’ छापून आलं. पुढच्या वर्षी वी वॉरियर्सने ‘पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन’ विकायला काढलं. त्यात होते फक्त नकाशे आणि तक्ते: कुठल्या खोलीत कोण, त्याचे हिट पॉइंट किती, हाताला काय लागेल. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या डिकेटर गावच्या बॉब ब्लेडसॉ यांनी जजेस गिल्ड सुरू केलं आणि अख्खी शहरं तयार करून विकली. टीएसआरला जाग आली ती १९७८ मध्ये. गायगॅक्सची महाकायांची त्रयी त्या वर्षीच्या ओरिजिन्स मेळाव्यात स्पर्धेसाठी खेळवली गेली आणि मग मॉड्यूल म्हणून विक्रीला आली.

हा माल तेव्हा घेत कोण होतं? खेळ जेमतेम चार वर्षांचा. ज्यांच्या हातात नियमांच्या पुस्तिका झिजल्या होत्या, दर शनिवारी ज्यांच्या घरी टेबल भरत होतं, तेच हे गिऱ्हाईक. खास नवख्यांना शिकवण्यासाठी लिहिलेलं माइक कार यांचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ त्यानंतर, १९७९ मध्ये आलं. त्यात खोल्यांची वर्णनं दिली होती, पण तिथले प्राणी आणि खजिना भरायच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. नवख्याने हात चालवायला शिकावं, हा हेतू. म्हणजे रिकाम्या जागा नवख्यासाठी आणि भरलेले तक्ते जाणत्यासाठी, अशी सुरुवातीची वाटणी होती. ती आपण मधल्या काळात उलटी करून ठेवली.

जाणत्याला तयार साहस का लागतं, याचं पहिलं उत्तर वेळ. त्यावर फार लिहायला नको. नोकरी, घर, लोकलचा प्रवास आणि चार तासांच्या सेशनसाठी लागणारी तयारी यांचं गणित वाचक रोजच मांडतात. मायकल शे यांच्या ‘आळशी डंजन मास्टर’च्या पुस्तकांना एवढा वाचक मिळाला, तो या गणितामुळेच. पण वेळ हे कारण पुढे केलं की मॉड्यूल ही तडजोड ठरते: वेळ असता तर स्वतःचं केलं असतं, नाही म्हणून हे. आमचा मुद्दा असा की वेळ भरपूर असला तरीही ते लागतं.

प्रत्येक गेम मास्टरचा एक हात असतो, आणि तो टेबलाला ओळखू येतो. कुणाच्या कथेत काम देणारा सावकार शेवटी दगा देतोच. कुणाच्या भुयारात सरळ दिसणारा रस्ता नेहमी फसवा. कुणाचा प्रत्येक खलनायक मुळात दुखावलेला माणूस. पहिल्या वर्षी हे नवं वाटतं. पाचव्या वर्षी खेळाडू कथा ऐकत नाहीत, आपल्याला वाचतात. सावकार दिसला की हात तलवारीवर जातो, आणि ते त्या पात्रांचं शहाणपण नसतं, टेबलाची स्मरणशक्ती असते. नवख्याला ही अडचण नाही. त्याच्या सवयी अजून कुणाला ठाऊक नाहीत. ही मुरलेल्याचीच अडचण आहे आणि ती स्वतःच्या डोक्याने सुटत नाही, कारण सवय मोडण्याची आपली पद्धतही सवयीचीच असते. दुसऱ्या माणसाने रचलेलं साहस म्हणजे दुसऱ्याच्या सवयी. तेवढ्यानेही टेबल पुन्हा सावरून बसतं.

याहून महत्त्वाचं कारण निःपक्षपातीपणाचं आहे. स्वतः रचलेल्या सापळ्याबद्दल आपल्याला माया असते किंवा धास्ती. तो फुकट जाऊ नये म्हणून आपण खेळाडूंना नकळत त्याच्याकडे ढकलतो, नाही तर तो फार जीवघेणा ठरतोय असं दिसताच वाटेतच बोथट करतो. दोन्ही गोष्टी आपण सफाईने करतो, कारण आपण मुरलेले असतो. नवख्याची लबाडी पकडली जाते, आपली पकडली जात नाही. पानावर छापलेला आकडा हा मोह आवरतो. ‘टोम्ब ऑफ हॉरर्स’ १९७५ च्या ओरिजिन्समध्ये स्पर्धेसाठी खेळवलं गेलं. तिथे हिरव्या सैतानाच्या उघड्या जबड्यात जो शिरेल तो संपला, हे ठरलेलं होतं. ते साहस क्रूर आहे, यात वाद नाही. पण तिथे मेलेलं पात्र गेम मास्टरच्या लहरीने मेलेलं नसतं, आणि वाचलेलं पात्र त्याच्या दयेने वाचलेलं नसतं. आपण लेखक राहत नाही, पंच होतो. बऱ्याच वर्षांनी पंच होण्यातली मोकळीक काय असते, ते अनुभवलेल्यांनाच कळेल.

आणि पंचालाही चकित होता येतं. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये पत्त्यांचं भविष्य वाचलं जातं. गडात महत्त्वाच्या वस्तू कुठे आहेत आणि गडाचा मालक असलेल्या व्हॅम्पायर स्ट्राडला या खेपेला नेमकं काय हवं आहे, हे ते पत्ते ठरवतात. पत्ते उघडेपर्यंत गेम मास्टरलाही उत्तर माहीत नसतं. ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये २०१६ साली ही युक्ती टिकून राहिली, ती उगाच नाही. स्वतःच्या कथेचा शेवट आधीच ठाऊक असलेल्या माणसाला अशी भेट दुसरं कोण देणार?

‘पण मग आपलं कर्तृत्व काय?’ असं विचारणाऱ्यांनी सिंधुदुर्गात जाऊन रात्रभर दशावतार पाहावा. आख्यान ठरलेलं, गावाला पाठ असलेलं. संवाद मात्र कुठे लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. आख्यान पुराणातलं आहे म्हणून त्या नटाला कमी लेखणारा प्रेक्षक आम्ही पाहिलेला नाही.

आता ज्यांना हे पटलं त्यांची खरी तक्रार सुरू होते: जाणत्याच्या कामाचं तयार साहस मिळतं कुठे? बाजारात पुस्तकांना तोटा नाही. खेळाचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणाऱ्या २००० च्या खुल्या परवान्यापासून आणि विशेषतः पीडीएफ विक्रीपासून साहसांचा पूर आहे. पण त्यातलं बरंचसं वाचण्यासाठी लिहिलेलं असतं, चालवण्यासाठी नाही. सराईच्या मालकाच्या आजोबांचा इतिहास अर्धं पान, आणि त्या मालकाला चोरवाट माहीत आहे ही गोष्ट आणखी चाळीस पानांनंतर. खेळाडूंना वाचून दाखवायचा चौकटीतला मजकूर इतका लांब की तिसऱ्या वाक्याला कुणीतरी फासे रचायला लागतं. आणि सगळी कथा अशा एका खलनायकावर उभी, की तो पहिल्याच सेशनमध्ये मेला तर पुढची पानं रद्दी.

जाणत्याला काय लागतं आणि काय लागत नाही, याचा हिशेब लेखक-प्रकाशकांनी नीट मांडलेला नाही, म्हणून हे होतं. पहारेकऱ्याचं नाव, बाजारातली घासाघीस, सराईतली भांडणं हे सगळं आपण डोळ्याचं पातं लवायच्या आत रचतो. त्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही. जे एकट्याने रविवारी रात्री बसून होत नाही, त्याचे पैसे मोजायचे. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ घ्या. ‘कॉल ऑफ कथुलू’साठी लॅरी डिटिलिओ यांनी लिन विलिस यांच्यासोबत लिहिलेलं हे १९८४ चं साहस. जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू होतं आणि पुढे लंडन, कैरो, केनिया, शांघाय असं पसरतं. न्यूयॉर्कनंतर कुठे जायचं, ते खेळाडू ठरवतात. पत्रं, बातम्यांची कात्रणं, शांघायच्या एका बारची काड्यापेटी अशा कागदी पुराव्यांतून धागे एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात. कुठल्याही क्रमाने गेलं तरी माग तुटत नाही, अशी पुराव्यांची वीण घालायला महिने लागतात. चाळीस वर्षांनंतरही लोक ते चालवतात, याचं कारण ती वीण.

याउलट २०१८ चं ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’. चार खलनायक, चौघांचे चार अड्डे, आणि गेम मास्टरने ऋतूनुसार त्यांतला एक निवडायचा. म्हणजे बाकी तिघांचे नकाशे बहुतेक टेबलांवर नुसते पडून. ब्लॉगलेखक जस्टिन अलेक्झांडर यांनी त्याची फेररचना केली आणि चौघांनाही एकाच कथेत आणलं. ती वाचून कितीतरी जुन्या गेम मास्टरांना पुस्तकाचा खरा उपयोग कळला. साहित्य पुस्तकात होतंच. कमी होती ती जोडणी, आणि ती वाचकाने करायची होती.

चांगली उदाहरणंही आहेत, आणि ती बहुधा लहान असतात. गॅव्हिन नॉर्मन यांच्या ‘विंटर्स डॉटर’मध्ये खोलीचं वर्णन ठळक शब्द आणि तुटक ओळींत दिलेलं आहे, खेळाडू दार उघडत असताना नजर टाकली तरी पुरतं. ‘मदरशिप’ या खेळाची काही साहसं तीन घड्यांच्या एकाच कागदावर मावतात. एका पानाच्या भुयारांची स्पर्धा २००९ पासून हेच शिकवत आली आहे. त्याआधी ‘डंजन’ मासिकाने १९८६ ते २००७ या काळात दीडशे छापील अंकांतून अशी छोटी साहसं पुरवली. चालू कॅम्पेनमध्ये एखाद्या शनिवारी बसवता येईल असा तुकडा, हीच जाणत्याची रोजची गरज आहे. अडीचशे पानांचं महाकाव्य वर्षातून एकदा पुरे.

आपल्या मातीचं काय, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या २०२२ च्या संग्रहात मिमी मंडल यांचं ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ आहे. बंगालच्या नद्यांची त्याला ओढ आहे, आणि ते भारतीय टेबलावर चालवून पाहावं असं आहे. पण अशा पुस्तकांची वाट पाहत बसायचं कारण नाही. गायगॅक्सच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मध्ये गढीतल्या माणसांना नावंच नाहीत, फक्त हुद्दे आहेत. ती गढी उचलून सह्याद्रीवर ठेवा आणि हुद्दे बदला: हवालदार, सबनीस, कारखानीस. शिवकाळात किल्ल्याचा कारभार या तिघांत वाटलेला असे, एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून. एवढ्या एका बदलाने त्या जुन्या मॉड्यूलला राजकारण मिळतं: खेळाडूंना दरवाजा उघडून हवा असेल तर हवालदाराला, आणि धान्य हवं असेल तर कारखानिसाला राजी करावं लागतं. नकाशा, गुहा, आकडे सगळं तयार. जाणत्याने घालायची ती भर एवढीच, आणि ती नवख्याला सुचणं अवघड.

म्हणून या मासिकापुरते आम्ही काही नियम ठरवले आहेत. साहसाचं परीक्षण यापुढे ते निदान एका टेबलावर चालवल्याशिवाय छापलं जाणार नाही. नुसतं वाचून दिलेला अभिप्राय परत जाईल. परीक्षकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तयारीला किती वेळ लागला? सेशन चालू असताना हवी ती गोष्ट पानावर सापडली का? खेळाडूंनी लेखकाला न सुचलेली वाट धरली तेव्हा पुस्तक उपयोगी पडलं, की मिटून ठेवावं लागलं? चित्रं, कागद, बांधणी यांबद्दल शेवटी एक ओळ पुरेल.

साहस लिहून पाठवणाऱ्यांसाठीही मर्यादा आहे: आठ पानं, नकाशासकट. पूर्वेतिहास दहा ओळींच्या वर नको. प्रत्येक महत्त्वाच्या गुपितापर्यंत पोचायच्या किमान तीन वाटा असाव्यात. जस्टिन अलेक्झांडर यांनी सांगितलेला हा नियम आम्ही जसाच्या तसा घेतला आहे. आणि मुख्य खलनायक पहिल्या तासात मेला तर पुढे काय, याचं उत्तर साहसातच असलं पाहिजे.

जुन्या वाचकांकडे आणखी एक मागणी. तुम्ही चालवलेल्या छापील मॉड्यूलच्या पानांवर तुमची खाडाखोड असणार: काय गाळलं, कुणाला मारून टाकलं, कुठली दोन पात्रं एक केली, कुठला आकडा बदलला. ती पानं आमच्याकडे पाठवा. दर अंकात एका मॉड्यूलची अशी पानं, कारणांसकट, आम्ही छापू. मॉड्यूल कसं चालवायचं हे नव्या गेम मास्टरला त्यातून कळेलच. पण जाणत्यांना नेमकं काय विकत घ्यायचं असतं, हे लेखक-प्रकाशकांना सांगायची त्याहून चांगली रीत आम्हाला सुचलेली नाही.