दारोदारी शिकलेली जर्मन
लाइपझिगमध्ये परवा आमच्या मजल्यावरची बेल वाजली. दारात १९-२० वर्षांची दोन अमेरिकन मुलं, खिशावर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाचे प्रचारक. एकजण 'दी मेडशन' म्हणाला. शेजारच्या आजींनी लगेच सुधारलं, 'दास मेडशन' (मेडशन म्हणजे मुलगी; जर्मनमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी). आभार मानून त्याने ते वहीत टिपलं.

या प्रचारकांचा दिनक्रम असा: सकाळी साडेसहाला उठायचं, भाषेचा अभ्यास करायचा, मग दिवसभर लोकांशी बोलत फिरायचं. २ वर्षं, बिनपगारी. त्यांचा धर्म मला स्वीकारायचा नाही. पण भाषा शिकायची त्यांची रीत मनापासून पटते. शिकायला इथे येणारी आपली अनेक मुलं इंग्रजी-मराठीच्या कोंडाळ्यातच राहतात. मुलांनो, चुकलं तरी चालेल, शेजारच्या आजींशी जर्मनमध्येच बोला.