सोनं मोडताना मान खाली नको

पेटीत वर्षानुवर्षं पडून असलेला, कुठल्याही लग्नकार्यात अंगावर न चढणारा दागिना विकला म्हणून घराची अब्रू जात नाही. तरीही सोनं मोडणं म्हणजे घराला उतरती कळा, ही समजूत इतकी मुरलेली आहे, की बायका ओळखीची पेढी टाळून दुसऱ्या गावच्या सराफाकडे जातात आणि देईल तो भाव घेऊन घाईने बाहेर पडतात. मला राग आहे तो या संकोचाचा, कारण त्याची किंमत ग्रॅममध्ये मोजावी लागते. दागिना करताना घडणावळीवरून तासभर घासाघीस करणारी बाई मोडताना घटीबद्दल चकार शब्द काढत नाही.

20 ग्रॅमच्या बावीस कॅरेटच्या पाटल्या घ्या. 916च्या हिशेबाने त्यात शुद्ध सोनं 18.32 ग्रॅम. सराफाने 84 टक्केच धरले तर 16.8. दीड ग्रॅम गेलं! 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखापार गेला, म्हणजे त्या भावाने हा फरक पंधरा हजारांच्या घरातला. घट खरीही असते. जुन्या दागिन्यात सांध्यांना लावलेला डाख कमी कसाचा असतो, साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचं वजन वजा होणारच. सराफाला चोर ठरवायचं कारण नाही, पण तोंडी सांगितलेली घट मान्य करू नये. कॅरेट तपासणारं यंत्र क्ष-किरणांनी वरचाच थर वाचतं. आत काय आहे ते आटवल्यावर कळतं. तेव्हा आधी दोन-तीन पेढ्यांवर विचारा, मग समोर उभं राहून आटवून घ्या, आधीचं आणि नंतरचं वजन पावतीवर लिहून मागा. हॉलमार्क नसेल तर भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेल्या केंद्रात थोडक्या शुल्कात कस तपासून मिळतो. घडणावळ मात्र गेलीच समजा. आणि आजीची चिंचपेटी किंवा तन्मणी असेल तर थांबा. वजनावर विकलं की मोत्यांचं नि कारागिरीचं मोल शून्य होतं.

आता पैसे कुणाचे? लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन, त्याची मालकी तिची एकटीची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं आणि 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. प्रत्यक्षात पाटल्या तिच्या मोडतात, ट्रॅक्टरचा हप्ता किंवा दिराच्या दुकानाची अनामत भागते आणि चेक भलत्याच नावाने निघतो. घराच्या अडचणीला तिने सोनं द्यावं की नाही, हे तिने ठरवावं. द्यायचं असेल तर रक्कम आधी तिच्या खात्यात जमा व्हावी आणि तिथून उसनी म्हणून पुढे जावी, म्हणजे कुणाचं किती देणं आहे ते कागदावर राहतं. तसंही दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. पावतीवर विकणारी म्हणून तिचंच नाव असू द्या. दोन वर्षांहून जुन्या दागिन्याच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. आईकडून आलेल्या दागिन्याला आईचाच खरेदीभाव धरतात. त्यामुळे ट्रंकेत जुन्या पावत्या असतील तर त्या दागिन्याआधी शोधा.