सही करण्याआधी



दिघीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सुकी मासळी विकून तिने लेकीला शिकवले. लेक आता एका विद्यापीठात शासनाच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पात संशोधन करते. ढगाळ हवेत जवळा, बोंबील वाळवता यावेत म्हणून तिने एक पेटी तयार केली आहे. आतल्या जाळ्यांची मांडणी तिची स्वतःची. वाळवणापाशी आईच्या शेजारी बसून लहानपणापासून जे पाहिले, ते तिथे कामी आले. आता विभागाने तिच्यापुढे इंग्रजीत छापलेला कागद ठेवलाय आणि पुढच्या आठवड्यात प्रदर्शनात पोस्टर लावायला सांगितले आहे. ताई विचारतात, "पेटी माझ्या लेकीने केली, मग मालकी विद्यापीठाची कशी? सही केली तर तिचे नाव राहील का?"

ताई, प्रश्न नेमका आहे. आपल्याकडे कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. कोकणात कूळ राबायचे आणि हक्क खोताचा असायचा. ती खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक आणले होते. विद्यापीठाला मी खोत म्हणत नाही, त्याच्या पैशाशिवाय आणि यंत्रांशिवाय पेटी झाली नसती. पण कागद तर वाचायलाच हवा.

आधी कायदा पाहू. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे अर्ज करण्याचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्याचा, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला त्याचा. म्हणजे विद्यापीठ सही मागते, कारण तिच्याकडून हक्क लिहून घेतल्याशिवाय त्याला तिच्या शोधावर अर्ज करता येत नाही. मात्र प्रवेश घेताना किंवा प्रकल्पावर रुजू होताना संस्थेचे नियम मान्य आहेत असे काही लिहून दिले होते का, ते तिने शोधावे. बहुतेक मुले ते न वाचताच सही करतात, आपलीही तशीच.

शासनाच्या पैशातून झालेल्या शोधांबद्दल सर्वांना लागू असा एक कायदा करावा म्हणून २००८ साली राज्यसभेत विधेयक आले होते, २०१४ साली ते मागे घेतले गेले. त्यामुळे ज्या खात्याने पैसा दिला त्याच्या अटी आणि संस्थेचे स्वतःचे धोरण, हेच चालते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्च २००० मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे त्यांच्या पैशातल्या शोधाची मालकी संस्थेकडे राहते. शासनाला आपल्या कामासाठी तो फुकट वापरता येतो. मिळकतीतून शोधकर्त्याला वाटा देता येतो, पण त्याची मर्यादा एक तृतीयांश. तुमच्या लेकीच्या प्रकल्पाला पैसा कोणी दिला, हे मंजुरीपत्रात असते. त्याची प्रत मागायला लाजायचे कारण नाही.

आता कागदातल्या शब्दांबद्दल. अमेरिकेत १९८० पासून सरकारी पैशातल्या शोधांसाठी बे-डोल कायदा आहे. तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिले होते की हक्क देण्यास मी कबूल आहे. पुढे एका कंपनीत काम शिकायला गेला, तेव्हा तिच्या कागदावर लिहिले की हक्क याद्वारे देत आहे. विषय होता रक्तातील एड्सचा विषाणू मोजण्याचा. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०११ साली निकाल लागला की सरकारी पैसा घेतला म्हणून हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, तो मुळात शोधकर्त्याचा असतो. "देईन" आणि "देत आहे" यांच्यातल्या फरकाने एवढे मोठे विद्यापीठ हरले! तेव्हा लेकीने आपल्या कागदात कोणते क्रियापद आहे, तेवढे तरी कुणा जाणत्याला विचारावे.

नावाचे काय? मालकी दिली तरी शोधकर्ती म्हणून तिचे नाव अर्जात यायला हवे. ते वगळले तर कायद्याच्या २८ व्या कलमाखाली मागणी करता येते, पण पेटंट मंजूर होण्यापूर्वी. या नोंदीने पैशाचा हक्क मिळत नाही. तरी उद्या नोकरीच्या मुलाखतीत ते नावच तिच्यासाठी बोलेल. म्हणून पेटीची चित्रे, मापे, काय फसले, काय जमले, हे सारे तारखेसह वहीत असू द्या. मार्गदर्शकांची तारखेची सही घेता आली तर उत्तमच.

आणि घाई आहे ती पोस्टरची. शोध आधी उघड झाला तर तो नवा राहत नाही, मग पेटंट मिळत नाही. कायद्यात सूट आहे, पण अरुंद. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेले प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, अशांसाठी १२ महिने. महाविद्यालयाच्या हॉलमधले प्रदर्शन त्यात बसेल या भरवशावर राहू नका. लेकीने आधी विभागाला लेखी कळवावे की शोध झाला आहे, अर्ज दाखल होईपर्यंत तो दाखवू नये. सुरुवातीला तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. विद्यापीठाने दाखलच केला नाही आणि हक्क तिच्याकडेच राहिला, तर व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. पुढे तपासणीची फी वेगळी. मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे.

ताई, तुम्ही मासळी जशी वाळवत आलात त्या रीतीवर मात्र कुणालाच पेटंट मिळणार नाही, परंपरेने चालत आलेले ज्ञान कायद्याने वगळले आहे. लेकीने त्यापुढे जाऊन केलेली जाळ्यांची नवी मांडणी हाच तिचा शोध. प्रदर्शनाला जावेच लागले तर वाळलेला जवळा ठेवावा, किती तासांत वाळला ते सांगावे. पेटीचे झाकण बंद ठेवावे.