विमानतळ अमरावतीचं की वऱ्हाडाचं?

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचं पहिलं प्रवासी विमान उतरलं. वऱ्हाडासाठी ही आनंदाचीच गोष्ट. पण अकोल्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: विमानतळ आमचं जुनं, मग विमान अमरावतीला कसं?

प्रश्न चुकीचा नाही. अकोल्याजवळच्या शिवणीचं विमानतळ १९४३ सालचं, इंग्रजांच्या काळातलं. बेलोऱ्याचं १९९२ चं. म्हणजे तब्बल ४९ वर्षांनी धाकटं. तरी धाकटं पुढे गेलं, याचं मोठं कारण जागा. बेलोऱ्याची धावपट्टी १३७२ मीटर होती, ती १८५० मीटर केली. त्यामुळे एटीआर-७२ जातीचं विमान तिथं उतरू लागलं. शिवणीला धावपट्टी वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते. घोडं तिथंच अडलं होतं.

आता माझं मत सांगतो. विद्यापीठाची जमीन म्हणजे पडीक माळ नव्हे. प्रयोगाच्या शेताची माती वर्षानुवर्षं जपलेली असते, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. विमानतळही गरजेचं आहे. म्हणून दोन्ही बाजू तोलून हो की नाही, एकदाचं ठरवा. नुसतं झुलवत ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही.

तोवर बेलोरा हे सगळ्या वऱ्हाडाचं विमानतळ समजायला काय हरकत आहे? अकोला ते अमरावती रस्ता आता चांगला झाला आहे. याच रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचं डांबरीकरण जून २०२२ मध्ये सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. मग विमानाच्या वेळेला जोडून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी एसटी सोडली तर?

साधं गणित करून पाहा. सुमारे ७० जागांचं विमान आठवड्यातून तीन दिवस आलं, तर मुंबईहून येणारे फार तर २१० जण. एका आठवडी बाजाराला याहून जास्त माणसं एसटीनं येतात. मूर्तिजापूरहून यवतमाळ अन् अचलपूरला जाणारी गरिबांची शकुंतला रेल्वे मात्र बंद पडली आहे.

म्हणून विमान यावंच, पण जमिनीवरची गाडी आधी. विमानतळापर्यंत ज्याला पोचता येतं, विमानतळ त्याचंच. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.